हिल्व्हरसम लागत नाही

आमच्याकडे दिवाळीची साफसफाई म्हणजे माळ्यावरच्या वस्तूंची वार्षिक सुनावणी असते. मी शिडीवर, बायको खाली कमरेवर हात ठेवून न्यायासनावर, आणि आई खुर्चीत बसून बचाव पक्षाची वकील. मी एकेक वस्तू खाली देतो, ही विचारते, "हे शेवटचं कधी वापरलं?" आणि आई म्हणते, "असू दे." २०१९च्या दिवाळीत दगडी खलबत्ता निर्दोष सुटला, पत्र्याच्या दोन पेट्यांना एका वर्षाची मुदत मिळाली आणि माझा कॅरम बोर्ड अटाल्यात गेला. (अटाला म्हणजे भंगार. इंदूरची मराठी माणसं घरात अटालाच म्हणतात. 'भंगार' हा शब्द पुण्याचे पाहुणे आले की बाहेर काढायचा.) सगळ्यात शेवटी आला आजोबांचा रेडिओ.

व्हॉल्व्हचा रेडिओ, म्हणजे आतल्या बल्बसारख्या काचेच्या नळ्या तापल्या की मगच बोलणारा. लाकडी खोकं, पुढे सोनेरी कापड, त्याखाली गावांची नावं छापलेली काच, दोन मोठी बटणं, दोन लहान. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढे मी तिच्याविषयी जे बोलणार आहे ते ऐकून एखादा वारस उगवायला नको.

"हा शेवटचा कधी लावला होता?"

"चाळीस वर्षं तरी झाली असतील," मी म्हणालो. शिडीच्या वरच्या पायरीवर बारा-तेरा किलोचं धूड छातीशी धरून उभा असलेला माणूस खोटं बोलू शकत नाही.

"मग द्या अटालेवाल्याला."

मी आईकडे बघितलं. पण आई 'असू दे' म्हणाली नाही. ती म्हणाली, "एकदा लावून तर बघ." आणि तिथे माझं तीन आठवड्यांचं नष्टचर्य सुरू झालं.

आता ह्यात माझाही थोडा दोष आहे. निवृत्त झाल्यापासून मला जुन्या जाहिराती बघायचं व्यसन लागलंय. आमच्या वयाचे बाकीचे लोक सकाळी उठून फुलांवर 'सुप्रभात' लिहून पाठवतात. मी रात्री एक-एक वाजेपर्यंत शंभर वर्षांपूर्वीच्या रेडिओच्या जाहिराती चाळत बसतो. त्यातून माझं असं ठाम मत झालंय की रेडिओच्या बाबतीत सगळा कारभार पहिल्यापासूनच उलटा होता. आपल्याला वाटतं, आधी कुणीतरी गायलं आणि ते ऐकायला लोकांनी रेडिओ घेतले. तसं नाही. १९२० साली अमेरिकेत पिट्सबर्गला फ्रँक कॉनरॅड नावाचा वेस्टिंगहाउस कंपनीतला इंजिनिअर हौस म्हणून आपल्या गॅरेजमधून ग्रामोफोनच्या रेकॉर्डी हवेत सोडायचा. त्या गावातल्या होर्न नावाच्या दुकानाने पेपरात जाहिरात दिली, की ते ऐकायचं असेल तर आमच्याकडे सेट मिळतील, दहा डॉलरपासून पुढे. ती जाहिरात वेस्टिंगहाउसच्याच उपाध्यक्षाने, हॅरी डेव्हिसने, वाचली आणि त्याला कळलं की इथे बाजार आहे. पण हवेत काही नसताना घराघरातून खोकी घेणार कोण? म्हणून कंपनीने स्वतःचं केंद्र काढलं, केडीकेए, आणि २ नोव्हेंबर १९२०च्या रात्री अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगून टाकले. म्हणजे पाळणे खपावेत म्हणून दुकानदाराने गावातली लग्नं लावून दिली.

इंग्लंडातही तेच. बीबीसी १९२२ साली निघाली तेव्हा ती रेडिओ बनवणाऱ्यांनीच मिळून काढलेली कंपनी होती. आपल्याकडे २३ जुलै १९२७ला मुंबईत लॉर्ड आयर्विनच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, वर्षाला १० रुपये लायसन्स ठेवलं, आणि तीन वर्षांत कंपनी बुडाली. लायसन्सं सगळ्या देशात मिळून आठ हजारसुद्धा झाली नाहीत. मला ह्याचं नवल वाटत नाही. एकाने रेडिओ घ्यायचा आणि अख्ख्या वाड्याने ऐकायचा ही आपली पद्धत. पाळणा एकाचा, झोके सगळ्यांचे.

आमच्या आजोबांनी मात्र घेतला. १९५५ साली. कारण होतं पुणं. त्या वर्षी रामनवमीला, १ एप्रिलला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं आणि पुण्याच्या आत्याचं पत्र आलं की गदिमा आणि बाबूजी मिळून दर आठवड्याला एक नवं गाणं देणार आहेत, तुम्ही ऐकता की नाही? आजोबा होळकर सरकारच्या जमान्यातले कारकून, नंतर मध्यभारताच्या शिक्षण खात्यात. पुण्याच्या आत्याने विचारावं आणि आपण 'नाही' लिहावं, हे त्यांना सोसणारं नव्हतं. ते यशवंत रोडवरच्या एका दुकानात गेले आणि थेट विचारलं, "पूना लगेगा?"

दुकानदाराने टाय लावलेला होता म्हणे. त्याने आजोबांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि काचेवर बोट फिरवलं. "बाऊजी, पूना तो पड़ोस में है. ये देखिए." काचेवर लिहिलं होतं: लंडन, बेरोम्युन्स्टर, कालुंडबोर्ग, हिल्व्हरसम. पुणं नव्हतंच. पण जो रेडिओ हिल्व्हरसम लावतो त्याला पुणं लावायला काय धाड भरलीय, हा आजोबांचा तर्क. तीन पगारांइतकी किंमत, चार हप्ते. (अमेरिकेतही बहुतेक रेडिओ हप्त्यांवरच खपले. कर्ज काढून गाणं ऐकायची कल्पना आपली नाही, एवढंच ह्यातून सिद्ध होतं.)

हिल्व्हरसम हे हॉलंडमधलं एक गाव आहे, तिथून डच लोकांचे कार्यक्रम होतात, एवढी माहिती मला पन्नासाव्या वर्षी मिळाली. तोपर्यंत आमच्या घरात त्या शब्दाचे निरनिराळे अर्थ चालत. आजीला तो आजार वाटायचा. काका त्याला मलम म्हणायचा. लहानपणी मला वाटायचं की ती एखादी लांबची नातेवाईक बाई असावी, जिचं पत्र कधी येत नाही.

तर पुणं. हप्ते संपले तरी पुणं धड लागलं नाही. गीतरामायणाच्या वेळेला रामबागेतल्या आमच्या वाड्यातली यच्चयावत मराठी माणसं आंघोळी उरकून सतरंजीवर बसायची आणि आजोबा बटणावर हात ठेवून सर्जनसारखे वाकायचे. आजी सांगायची, छप्पन्न गाण्यांपैकी आपण साडेनऊ ऐकली. राम वनवासाला निघाला तो खरखरीतच. सीतेचं हरण तर कळलंच नाही. मधेच एकदा कान टवकारून बघतात तो लंका पेटलेली. आजोबांनी आत्याला कळवलं, "उत्तम ऐकू येते. बाबूजींचा आवाज किंचित बसला आहे काय?"

तेवढ्यात २२ मेला इंदूरचंच केंद्र सुरू झालं. मालवा हाउसमधून. ते इतकं खणखणीत लागायचं की आजोबांना त्यात रसच वाटेना. जे दोन-तीन मैलांवरून येतं ते ऐकायला तीन पगार कशाला मोजायचे? नंदाजी-भेराजींच्या माळवी गप्पा आजी आणि वाड्यातल्या बायका पोट धरून ऐकायच्या, आणि आजोबा कार्यक्रम संपायची वाट बघत येरझाऱ्या घालायचे, की केव्हा ह्या उठतात आणि केव्हा मी मॉस्को शोधतो. पुढे जाहिराती चाळताना कळलं, की हा विकार जुना आहे. विसाच्या दशकात अमेरिकेत लोक गाणं ऐकतच नव्हते, गाव ऐकायचे. किती लांबचं केंद्र लागलं हे वहीत लिहून दुसऱ्या दिवशी ऑफिसात मिरवायचं. त्यापायी शिकागोत तर सोमवारी रात्री गावातली केंद्रं आपण होऊन गप्प बसायची, लोकांना बाहेरगावचं ऐकू यावं म्हणून. मूक रात्र. मला ही प्रथा फार आवडली. आमच्या कॉलनीत लग्नसराईत आठवड्यातून एक दिवस तरी असायला हवी.

लांबचं ऐकायला एरियल लागायची. तांब्याच्या तारेची जाळीदार पट्टी आमच्या ओसरीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली असायची, आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत हा घरातला पहिला नियम होता. दुसरी तार अर्थिंगची. ती ओल्या मातीत पुरायची असते. वाड्यात बारा महिने ओली राहणारी माती एकच, तुळशीवृंदावनातली. आजोबांनी आजीला न विचारता तार तुळशीत खुपसली. आजीने दोन दिवस अबोला धरला. मग असं लक्षात आलं की तिने तुळशीला पाणी घातलं की रेडिओ सिलोन, म्हणजे श्रीलंकेचं केंद्र, साफ लागतं. त्यानंतर संध्याकाळी सिलोनवरच्या गीतमालेच्या, म्हणजे हिंदी सिनेमाच्या गाण्यांच्या, वेळेला काका भक्तिभावाने तांब्या घेऊन तुळशीपाशी उभा राहायचा. घरात एवढा धार्मिक बदल कीर्तनानेही झाला नव्हता.

सिलोनचा विषय निघालाच आहे तर सांगतो. भारतात रेडिओ खपवायला कंपन्यांनी गोंडस बाळांची कॅलेंडरं छापली, पण माझ्या मते सगळ्यात जास्त सेट खपवले ते एका मराठी माणसाने. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. १९५२ साली ते नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवर सिनेमाच्या गाण्यांना त्यांनी जवळजवळ दार लावून घेतलं. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावं म्हणून. लोकांनी काय केलं, शॉर्टवेव्हचा सेट घेतला आणि सिलोन लावलं. शेवटी १९५७ साली विविध भारती काढून सरकारलाच दार किलकिलं करावं लागलं. कुठल्याही कंपनीच्या विक्री विभागाला असा माणूस पगार देऊन मिळाला नसता.

लायसन्सचं पुस्तक आमच्याकडे रेशनकार्डाच्या वर असायचं. दर वर्षी पोस्टात जायचं, रांगेत उभं राहायचं, शिक्का घ्यायचा. कुणी इन्स्पेक्टर येतो आणि विनालायसन्सचे रेडिओ उचलून नेतो अशी वदंता होती. मी तो कधी पाहिला नाही, पण 'इन्स्पेक्टर येईल' एवढ्यावर मला दूध पाजलं जायचं.

ह्या सगळ्यात आईने काय केलं? आई १९५७ साली लग्न होऊन ह्या घरात आली. तिने रेडिओची धूळ पुसली. त्याच्यावर पोपटाचं भरतकाम केलेला रुमाल घातला, त्याला क्रोशाची झालर लावली, दर चतुर्थीला तो धुतला. बटणाला हात लावायची परवानगी मात्र आजोबांखेरीज कुणालाच नव्हती, सुनेला तर नव्हतीच.

आणि जाहिराती बघाव्यात! जगातल्या कुठल्याही रेडिओच्या जाहिरातीत बटण फिरवते ती बाई. सुरुवातीला तसं नव्हतं. सुरुवातीचा रेडिओ हा पुरुषांचा माळ्यावरचा खेळ होता. त्याला तीन प्रकारच्या बॅटऱ्या लागायच्या, त्यातली एक मोटारीतल्यासारखी, तेजाबाची. ती चार्ज करायला उचलून न्यायची, येता-जाता हिंदकळली की खाली गालिच्याला भोक. केंद्र लावायला तीन चकत्या, तिन्ही एकमेकींशी जुळवत बसायच्या, जुळले की आकडे वहीत टिपायचे. हे यंत्र दिवाणखान्यात शिरणार कसं? मग विक्रेत्यांना सुचलं की घरात काय येईल आणि काय नाही हे ठरवणारं माणूस वेगळंच असतं. झालं, चित्रं बदलली. संध्याकाळचा झुळझुळीत पोशाख घातलेली बाई, दोन बोटांत अलगद धरलेलं बटण, चेहऱ्यावर हसू. बॅटऱ्या चित्रात कुठेच नाहीत. १९२६ साली ॲटवॉटर केंट कंपनीने तीन चकत्यांची एक केली आणि 'एकच चकती' हीच जाहिरात केली. पुढे भिंतीतल्या विजेवर चालणारे सेट आले, मग त्यांना लाकडी कपाटं, कपाटांना दारं. दार लावलं की रेडिओ दिसतच नाही! एक वस्तू विकत घ्या, कारण ती घेतल्याचं कळणार नाही. असं सांगून वस्तू खपवणाऱ्यांच्या पायाचं तीर्थ घ्यायला हवं.

आईने त्या चित्रातल्यासारखं बटण एकदाच धरलं. दुपारी, आजोबा कचेरीत असताना. संध्याकाळी आजोबांनी टोपी खुंटीला लावली, रेडिओकडे बघितलं आणि विचारलं, "काटा कोणी हलवला?" आईने कबूल केलं. पुढे काय बोलणी बसली ते ती अजून सांगत नाही. "मला नुसतं बघायचं होतं," एवढंच म्हणते.

साठच्या दशकात काकाने ट्रान्झिस्टर आणला आणि व्हॉल्व्हचा रेडिओ हळूहळू मागे सरकत माळ्यावर गेला. त्या ट्रान्झिस्टरवाल्यांचीही एक गोष्ट मला फार प्रिय आहे. १९५७ साली सोनीने 'खिशात मावणारा' रेडिओ म्हणून एक सेट काढला. तो नेहमीच्या शर्टाच्या खिशात किंचित मावत नव्हता. मग काय, विक्रेत्यांना जरा मोठ्या खिशाचे शर्ट शिवून दिले. हे त्यांच्या अकिओ मोरिता ह्यांनीच पुढे सांगितलं आहे. आमच्या यशवंत रोडच्या टायवाल्याला ही युक्ती सुचली असती तर त्याने आजोबांना पुणं जवळ आणून दिलं असतं.

असो. शिडीवरून उतरलो ते थेट महाराणी रोडला. स्कूटरवर मी पुढे, मागे ही, आणि मध्ये जुन्या चादरीत गुंडाळलेला रेडिओ. सिग्नलला शेजारच्याने काच खाली केली आणि विचारलं, "भिया, टीवी फूट गई क्या?" हिने चादर पदरासारखी सारखी केली आणि माझ्या पाठीला म्हणाली, "परत जाताना मी रिक्षाने जाईन."

महाराणी रोडवर विजेचं जगातलं सगळं मिळतं. सात दुकानं झाली. कुणाकडे एलईडी होते, कुणाकडे चोर पकडायचे कॅमेरे. एक तरुण पोरगा रेडिओ बघून हरखला आणि म्हणाला, "अंकल, डिब्बा एक नंबर है. अंदर का कचरा निकाल के ब्लूटूथ डलवा लो." आठव्या दुकानदाराने मागच्या गल्लीतल्या उस्तादचा पत्ता दिला.

उस्ताद माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, मागचा पुठ्ठा काढला आणि आत फुंकर मारली. आधी कुंभारणीचं मातीचं घर निघालं. मग पालीचा सांगाडा. मग मुंजीतला असावा असा एक अक्षतांचा दाणा, पिवळा. उस्तादांनी ते सगळं एका ताटलीत काढून ठेवलं, ऑपरेशननंतर नातेवाइकांना दाखवतात तसं.

"कंडेंसर सूख गए. डायल की डोरी टूटी है. और ये देखो." त्यांनी एक व्हॉल्व्ह बोटाने टिचकी मारून दाखवला. "दुकानवाले ने कितने वॉल्व बोले थे?"

"छह." हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. शेजारच्यांचा पाच व्हॉल्व्हचा होता.

"पाँच ही हैं. ये छठा सिर्फ जलता है. काम कुछ नहीं करता."

मी तो व्हॉल्व्ह हातात घेऊन बघितला. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला त्याच्याविषयी आपुलकी वाटणं साहजिक होतं. पण आजोबांची फसवणूक झाली म्हणून वाईटही वाटलं, आणि मग आठवलं की ह्यात आजोबा एकटे नव्हते. तीसच्या दशकात अमेरिकेत व्हॉल्व्हच्या आकड्यांची अशीच चढाओढ लागली होती. १९३५ साली झेनिथने स्ट्रॅटोस्फिअर नावाचा पंचवीस व्हॉल्व्हचा सेट काढला, किंमत ७५० डॉलर. तो खरोखरीचा राजेशाही होता; पण स्वस्तातल्या कंपन्यांनी नुसता आकडा वाढवायला आत बिनकामाचे व्हॉल्व्ह बसवले. मी हे उस्तादांना हिंदीत समजावून सांगितलं. त्यांनी माझ्या खिशातल्या मोबाइलकडे बोट केलं. "इसमें कैमरे कितने हैं?" "चार." "फोटो कितने से खींचते हो?"

मी गप्प बसलो.

'कल आ जाओ' असं सांगितलेला तो कल अठरा दिवसांनी उगवला. दिवाळी गेली, भाऊबीज गेली, तुळशीचं लग्न आलं. मधल्या काळात मी सहा खेपा घातल्या, दर खेपेला एकेक चहा आणि उस्तादांच्या तरुणपणाची एकेक गोष्ट. शेवटी एका संध्याकाळी रेडिओ टेबलावर तयार होता. "सीधा नहीं लगाना," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी भिंतीचं प्लग आणि रेडिओ यांच्यामध्ये शंभराचा साधा पिवळा बल्ब जोडला. आत कुठे शॉर्ट असेल तर हा बल्ब लख्ख पेटून राहतो, रेडिओ वाचतो. खटका दाबला. बल्ब एकदम पेटला. मी श्वास धरला. मग तो हळूहळू मंदावत केशरी झाला, आणि इकडे पुठ्ठ्याच्या भोकांतून व्हॉल्व्ह एकेक करून लाल झाले. जुनी धूळ भाजल्याचा वास आला, अगदी आजोबांच्या खोलीचा. अर्धं मिनिट काहीच नाही. मग खोलवरून गुणगुण, आणि वरच्या कोपऱ्यातला हिरवा डोळा उघडला. केंद्र नीट लागलं की त्या डोळ्याची पाकळी मिटत येते.

खर्च अठ्ठावीसशे. घरी आठशे सांगितला. हिने बाराशे गृहीत धरले. चाळीस वर्षांच्या संसारात आमचा हिशेब असाच जुळतो.

आता ठेवायचा कुठे? हा प्रश्न सोपा वाटतो, पण ह्याच प्रश्नावर रेडिओ कंपन्यांनी लाखो डॉलर घालवले. १९३०च्या सुमारास मंदीत लोकांना मोठं कपाट परवडेना तेव्हा फिल्को कंपनीने टेबलावर मावेल असा, वर कमानीसारखा निमुळता होत जाणारा सेट काढला. लोक त्याला कॅथेड्रल म्हणायला लागले, म्हणजे मोठं चर्च. मी हे हिला रंगवून सांगितलं.

"मग देवघरात ठेवा," ही म्हणाली.

दिवाणखान्यात टीव्ही होता. फ्रिजवर ठेवला तर फ्रिज थरथरतो. शेवटी आईच्या शिलाई मशीनच्या झाकणावर जागा मिळाली. आईने ट्रंकेतून पोपटाचा रुमाल काढला. झालर पिवळी पडली होती, पोपट मात्र तस्साच.

त्या रात्री साडेसातला आम्ही तिघं बसलो आणि मी खटका दाबला. डोळा उघडला. आणि घरभर असा आवाज पसरला की कुणीतरी कढईत ओले वाटाणे टाकले असावेत. मी काटा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. लंडनला वाटाणे, कालुंडबोर्गला वाटाणे. उस्तादांना फोन केला.

"घर में एलईडी है?"

"सगळ्या घरातच आहेत."

"बंद करो."

दिवे बंद केले. वाटाणे निम्मे झाले. हल्लीच्या दिव्यांच्या बुडात जी छोटी सर्किटं असतात ती जुन्या रेडिओच्या कानाशी अखंड कोकलतात, असं उस्ताद म्हणाले. मग मोबाइलचे चार्जर काढले. वायफाय बंद. टीव्हीचा डबा बंद. इन्व्हर्टर बंद. "फ्रिज भी," उस्ताद म्हणाले. हिने फ्रिजचं बटण दाबलं ते माझ्याकडे बघत. अंधारात बघितल्याचं कळत नाही असं कुणी म्हणू नये.

तरी एक खरखर राहिलीच होती. तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे भिया. "काय हो, लाइट फक्त तुमचीच गेली का?" तीन पिढ्या मराठी शेजार असल्याने ते मराठी बोलतात. मी कारण सांगितलं आणि जरा संकोचूनच म्हटलं, की उरलेला आवाज बहुधा तुमच्या दिव्यांचा आहे. दुसऱ्या शहरातल्या माणसाने पोलिसांना फोन केला असता. ह्यांनी घरी जाऊन मेन स्विच पाडला आणि बायको-मुलांसकट, लवंगी सेवेची थैली घेऊन, मोबाइलच्या उजेडात हजर झाले. मोबाइलही बंद करायला लावले.

आणि मग खरखर विरली. डोळ्याची हिरवी पाकळी मिटत आली. मालवा हाउस. खेड्यातल्या शेतकरी बांधवांसाठी लसणाच्या लागवडीची माहिती चालली होती. बी किती घ्यावं, वाफे कसे करावेत, पहिलं पाणी कधी. काचेच्या पिवळ्या उजेडात सात माणसं रेडिओभोवती अर्धगोल करून बसली होती, सगळ्यांचे चेहरे उजळलेले, पोरं मांडीवर, कुणी काही बोलत नव्हतं. शंभर वर्षं ज्या चित्राच्या जिवावर रेडिओ खपले ते चित्र हेच. कमी होता तो फक्त झुळझुळीत पोशाख. हिच्या अंगावर साफसफाईचा गाऊन होता.

मी उत्साहाने आवाज वाढवायला हात पुढे केला. आईने तो बाजूला सारला, शिलाई मशीनकडे खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि मोठं बटण दोन बोटांत धरलं.

"आई, लागलंय ना छान?"

"लसूण मला माहितीय," आई म्हणाली. "सरक जरा. हिल्व्हरसम लागतंय का बघते."

काटा हलला. वाटाणे परत सुरू झाले. शेजारच्या पोराने सेवेची थैली फोडली. आणि अंधारातून हिचा आवाज आला, "सासूबाई, जे काय असेल ते लवकर लावा. फ्रिजमध्ये उद्याचं दूध आहे."